लातूरहून यलोस्टोन: चार दिवसांचा बेत कसा आखावा

लेक-जावई अमेरिकेत आणि आपण तीन-चार महिन्यांसाठी तिकडे, हे आता लातूर-नांदेडात गल्लोगल्ली दिसतं. पहिला महिना नातवंडांत जातो. दुसऱ्या महिन्यात जावई विचारतात, "आई, फिरायला कुठं जायचं?" आणि आपण नायगारा म्हणून मोकळे होतो. मी तेहतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर खडूनं गायझर, म्हणजे जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे, काढून काढून हात दुखले होते, म्हणून मी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान म्हणाले.

पहिल्यांदा शनिवार-रविवार गाठून गेलो. सॉल्ट लेक सिटीहून पाच तास जाणं, पाच तास येणं, मध्ये जेमतेम दीड दिवस. "होईल की सगळं" म्हणत नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्याला हात लावून आलो. ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत गरम झऱ्याला सकाळी आठला पोचलो, तर नुसती वाफ. जनावरं बघायला म्हणून लामारच्या खोऱ्यात भर दुपारी, तर नुसतं गवत. ओल्ड फेथफुल या गायझरला गेलो तेव्हा लोक बाकांवरून उठून निघाले होते. फवारा नुकताच होऊन गेलेला, आणि पुढच्यासाठी थांबायला आम्हाला सवड नव्हती. दोन वर्षांनी पुन्हा गेलो. या वेळी चार दिवस, आणि निम्मीच ठिकाणं धरून. तेव्हा कुठं ते उद्यान आम्हाला दिसलं.

आता ओळखीपाळखीतलं कुणी तिकडं निघालं की आमच्याकडं चहाला येतं आणि वही उघडतं. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

आधी थोडा भूगोल, राहवत नाही म्हणून

आपण काळ्या पाषाणावर राहणारी माणसं. वेरूळचं कैलास लेणं ज्या दगडात कोरलं, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून निघून थरावर थर पसरलेला लाव्हा. आपली आग कधीच विझली. यलोस्टोनची अजून धगधगते आहे. तिथं तीन महास्फोट झाले: २१ लाख, १३ लाख आणि सुमारे ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी. शेवटच्या स्फोटानंतर जमीन खचून सत्तरेक किलोमीटर लांबीचा प्रचंड खळगा तयार झाला, आणि आपण फिरतो ते बरंचसं त्या खळग्यातच. खालून उष्णता वर येते, पावसा-बर्फाचं मुरलेलं पाणी खाली उतरतं, आणि दोघांची गाठ पडली की गरम झरे, उकळत्या चिखलाची कुंडं, वाफेची तोंडं तयार होतात. अशी दहा हजारांहून जास्त ठिकाणं या एका उद्यानात आहेत. जगातल्या जिवंत गायझरांपैकी निम्म्याहून जास्त इथंच.

साध्या गरम झऱ्याचं पाणी निवांत वर येतं. गायझरच्या नळीचा मात्र वरच्या बाजूला कुठंतरी गळा आवळलेला असतो. खालचं पाणी वरच्या पाण्याच्या ओझ्याखाली तापत राहतं, पण त्याला उकळायला वाव नसतो. वरचं थोडं सांडलं की ओझं हलकं होतं आणि खालचं सगळं एकदम वाफ होऊन झेपावतं. हजार फूट बोअर मारून नुसती धूळ उडालेली पाहिलेल्या लातूरकराला हे बघताना काय होतं, ते पुढं सांगते.

भूकंपाचं बऱ्याच जणी विचारतात. तिथं वर्षाला साधारण दीड ते अडीच हजार धक्के नोंदले जातात आणि बहुतेक कुणाला जाणवतही नाहीत. किल्लारीची ती पहाट ज्यांनी काढली, त्यांच्या पोटात हा आकडा वाचून गोळा येतो. माझ्याही आला होता. पण तिथल्या जमिनीवर यंत्रांची सतत नजर असते, आणि महास्फोट तोंडावर आल्याचं कसलंही चिन्ह नाही. छोटे स्फोट मात्र होतात. २३ जुलै २०२४ ला बिस्किट बेसिन या भागात वाफ आणि दगड उडाले, लाकडी वाट मोडली, लोक पळाले. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही.

कधी जायचं

उद्यानातले बहुतेक रस्ते एप्रिलच्या उत्तरार्धापासून टप्प्याटप्प्यानं उघडतात आणि ऑक्टोबरअखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतात. हिवाळ्यात फक्त उत्तरेकडचा एक रस्ता आपल्या गाडीसाठी चालू राहतो, बाकी सगळीकडं बर्फ. २०२४ साली ४७ लाखांहून जास्त भेटी इथं नोंदल्या गेल्या, आणि त्यातला मोठा लोंढा जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांतला. जुलैत गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा दिवस जातो.

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा मध्य. गर्दी उतरणीला लागलेली असते, हवा कोरडी, आणि एल्क नावाच्या मोठ्या हरणांचा माजाचा काळ असल्यानं नर पहाटे विचित्र शिट्टीसारखे ओरडतात. अडचण एकच, आपल्या महालक्ष्म्या कधी कधी त्याच सुमारास येतात. आमच्या जाऊबाईंनी त्या वर्षी आमच्या वाटणीचं सगळं केलं, म्हणून जाता आलं. ते जमण्यासारखं नसेल तर मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा धरा. तेव्हा बायसन नावाच्या दांडग्या रानजनावरांची तांबूस वासरं आयांच्या मागं धावत असतात. फक्त उंचावरचा एखादा रस्ता उघडायचा राहिलेला असू शकतो.

कुठल्याही महिन्यात गेलात तरी गरम कपडे हवेत. ऐन ऑगस्टमध्येही बर्फ पडू शकतो. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. यलोस्टोनचं तळंच २,३५७ मीटरवर आहे. पहिल्या दिवशी दोन पायऱ्या चढून दम लागला तर घाबरू नका, पण रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना ही उंची सांगून ठेवा.

कुठून शिरायचं, कुठं उतरायचं

उद्यानाचा पसारा सुमारे ८,९८३ चौरस किलोमीटर. १ मार्च १८७२ ला ते राखीव झालं, जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून. आपल्या मराठवाड्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. गौताळा, जायकवाडी, नायगावचे मोर, सगळी अभयारण्यं. तिथं सकाळी जाऊन जेवायला घरी येता येतं, म्हणून आपल्याला या अंतरांचा अंदाजच येत नाही.

मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे, सगळा मिळून २२८ किलोमीटर. वेगमर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर. शिवाय बायसनचा कळप रस्त्यात आला की तो जाईपर्यंत थांबायचं. आम्ही एकदा पाऊण तास थांबलो. म्हणून फोन जी वेळ दाखवेल तिच्या दीडपट धरा. उद्यानात बस किंवा टॅक्सी फिरत नाही, तेव्हा गाडी आणि ती चालवणारं माणूस हवंच.

आत यायला पाच दरवाजे. विमानानं येणार असाल तर बोझमन शहर सोयीचं. तिथून पश्चिम दरवाजाचं वेस्ट यलोस्टोन गाव आणि उत्तर दरवाजाचं गार्डिनर गाव, दोन्ही दीड-दोन तासांवर. शेजारच्या ग्रँड टीटन उद्यानाचे डोंगरही बघायचे असतील तर दक्षिणेकडून जॅक्सन गावामार्गे. चार दिवसांत दोन्ही उद्यानं नीट होत नाहीत, असं माझं स्पष्ट म्हणणं. पण जावई लोक ऐकत नाहीत.

मुक्काम एकाच ठिकाणी ठेवू नका. पहिल्यांदा आम्ही तीच चूक केली आणि रोज तेच रस्ते दोनदा तुडवले. दोन रात्री वेस्ट यलोस्टोनमध्ये, एक रात्र गार्डिनरला, ही वाटणी चार दिवसांना बरोबर बसते. उद्यानाच्या आतली हॉटेलं जागेला उत्तम, पण त्यांच्या खोल्या वर्षभर आधीच जातात. त्यातलं ओल्ड फेथफुल इन हे अख्ख्या ओंडक्यांचं हॉटेल १९०४ साली उघडलं. राहायला मिळालं नाही तरी आत जाऊन त्याची दगडी चूल आणि उंचच उंच दिवाणखाना बघून या, त्याला पैसे पडत नाहीत.

पास, कागद, पैसे

खासगी गाडीला सात दिवसांसाठी ३५ डॉलर असा वर्षानुवर्षांचा दर. पण २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा हिशेब लागू झाला आहे. १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक अनिवासी माणसाला १०० डॉलर जादा, किंवा मग २५० डॉलरचा अनिवासी वार्षिक पास. आपण पर्यटक व्हिसावर असतो, म्हणजे अनिवासीच. निघायच्या आठवड्यात उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर दर आणि रस्त्यांची स्थिती दोन्ही बघून घ्या. पासपोर्ट आणि मुलांचं ओळखपत्र गाडीत हाताशी असू द्या.

वैद्यकीय विम्याशिवाय जाऊ नका. दवाखाने उद्यानात आहेत, पण मोठं दुखणं निघालं तर बाहेरच्या शहरात न्यावं लागतं, आणि तिथला खर्च ऐकून धडधाकट माणूस आजारी पडेल.

सामान, धपाटे आणि अस्वल

शाकाहारी माणसाचे आत हाल होतात. बटाट्याच्या काड्या आणि चीज, यावर किती दिवस काढणार? निघायच्या आदल्या दिवशी लेकीच्या घरी ज्वारीचे धपाटे आणि दशम्या करा. ज्वारीचं पीठ तिकडच्या भारतीय दुकानात मिळतं. सोबत शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि एक मोठा कूलर, म्हणजे खाणं गार ठेवायची पेटी. थंड हवेत धपाटे तीन दिवस टिकतात. रस्त्याकडेला ठिकठिकाणी झाडांखाली लाकडी मेज-बाकं आहेत, तिथं बसून खायचं.

आता महत्त्वाचं. अस्वलाचं नाक आपल्या कल्पनेपलीकडचं असतं. डबा मेजावर ठेवून "जरा फोटो काढून येते" असं चालत नाही. अन्न, कूलर, उष्टी ताटं, अगदी टूथपेस्ट आणि खोबरेल तेलसुद्धा, वापरात नसताना काचा लावलेल्या बंद गाडीत किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या लोखंडी पेटीत. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल माणसांच्या मागं येऊ लागतं, आणि मग बहुतेक वेळा त्यालाच मारावं लागतं. आमच्या ह्यांनी एकदा उरलेली दशमी खारीला टाकायला हात उचलला, तर शेजारच्या मेजावरची सात-आठ वर्षांची गोरी पोर उठून आली आणि तिनं त्यांना नियम ऐकवला. सरपंच राहिलेला माणूस निमूटपणे हात खाली करून बसला.

गाडी सोडून पायवाटेनं जाणार असाल तर अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा घ्या. विमानातून तो नेता येत नाही, सामानातल्या बॅगेतसुद्धा नाही. म्हणून तिथंच विकत किंवा भाड्यानं घ्यायचा, आणि पिशवीच्या तळाशी न ठेवता कमरेला लावायचा.

शौचालयांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. बऱ्याच ठिकाणी ती खड्ड्यावरची, बिनपाण्याची असतात. कागद असतो, पाणी नसतं. एक रिकामी बाटली गाडीत वेगळी ठेवा.

फोनला उद्यानात बहुतेक ठिकाणी रेंज नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचं अधिकृत अॅप घरीच उतरवून, यलोस्टोनचा भाग ऑफलाइन साठवून घ्या. पहिल्या वेळी हे न केल्यानं आम्ही एका फाट्यावर वीस मिनिटं भांडलो. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर मागून न्या.

पहिला दिवस: पोचणं, आणि चिखल

दुपारी वेस्ट यलोस्टोनला पोचून सामान टाकलं की लगेच ओल्ड फेथफुलकडं धावू नका. दिवस उतरणीला लागलेला असतो आणि माणूस थकलेला. मॅडिसन नदीच्या काठानं सावकाश आत या, गवतात एल्क चरताना दिसतात. मग फाउंटन पेंट पॉटला उतरा. अर्धा-पाऊण किलोमीटरची लाकडी वाट, आणि गरम झरा, गायझर, वाफेचं तोंड, चिखलाचं कुंड हे चारही प्रकार एकाच फेरीत. मोठ्या काहिलीत पिठलं रटरटावं तसा चिखल रटरटत असतो, बुडबुडा फुटल्याचा आवाजही तसाच. माझी नात तिथून हलायला तयार नव्हती. सडक्या अंड्यासारखा वास गंधकाच्या वायूचा. दहा मिनिटांत नाक सरावतं.

लाकडी वाट सोडायची नाही, हा नियम इथंच अंगवळणी पाडून घ्या. वरून कडक दिसणारी जमीन कधी कधी पापडाइतकी पातळ असते आणि खाली उकळतं पाणी. उद्यानात नैसर्गिक गोष्टींमुळे जितकी माणसं भाजली किंवा मेली, त्यात पहिला नंबर अस्वलांचा नाही, या गरम झऱ्यांचा. वीसहून जास्त माणसं त्यात जीव गमावून बसली आहेत. लहान पोरांचा हात सोडू नका, टोपी उडाली तर उडू द्या.

आपल्या डोक्यात गरम पाण्याचं कुंड म्हणजे किनवटजवळचं उनकेश्वर. तिथं लोक श्रद्धेनं अंघोळ करतात, त्वचेच्या दुखण्याला गुण येतो म्हणतात. इथं अंघोळ तर सोडाच, हात लावायलाही मनाई. आणि कृपा करून नाणं टाकू नका. पुलावरून जाताना गोदावरीत नाणं टाकायची सवय हाताला असते, हे मला माहीत आहे. ओल्ड फेथफुलजवळचं मॉर्निंग ग्लोरी नावाचं निळंशार कुंड लोकांनी टाकलेल्या नाण्यांनी आणि कचऱ्यानं आतून तुंबलं, पाणी निवलं आणि त्याचा रंगच बदलला. निळ्याभोवती आता पिवळं-केशरी कडं दिसतं.

दुसरा दिवस: फवारा आणि रंग

सकाळी लवकर निघून आठच्या आत ओल्ड फेथफुल. माहिती केंद्रात, आणि अॅपमध्येही, पुढच्या फवाऱ्याची वेळ लावलेली असते, दहा मिनिटं मागं-पुढं. ही वेळ काढतात आधीचा फवारा किती वेळ चालला त्यावरून. तो आखूड झाला असेल तर पुढचा लवकर, लांबला असेल तर उशिरा. सरासरी साधारण दीड तास. वेळेच्या वीस मिनिटं आधी बाकावर बसा आणि तिथंच बसून राहा. आधी दोन-तीनदा नुसतं खळखळतं, लोक उसासे टाकतात. मग उसळतं, ३० ते ५५ मीटर, म्हणजे दहा ते अठरा मजले.

माहितीफलकावर लिहिलं होतं की एका वेळी साधारण १४ हजार ते ३२ हजार लिटर पाणी फेकलं जातं. माझ्या शेजारून आवाज आला, "म्हणजे एक ते तीन टँकर." २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या गल्लीत कुणाच्या दारात किती घागरी हे ह्यांनीच वहीत लिहिलं होतं. फवारा बसला, टाळ्या झाल्या, गर्दी उठली. हे बसूनच. म्हणाले, "अजून एक बघू." आम्ही आणखी दीड तास तिथंच बसलो, दुसरं काहीही न करता. टँकरची वाट बघितलेल्या माणसाला दीड तास म्हणजे काय?

तुम्हीही शक्य असेल तर दोन फवारे बघा. मधल्या वेळात मागच्या लाकडी वाटेनं फेरी होते. कॅसल, ग्रँड, रिव्हरसाइड अशा आणखी काही गायझरांच्या वेळाही फलकावर असतात.

अकरा वाजून गेले की ग्रँड प्रिझमॅटिककडं निघा. सकाळच्या थंडीत त्यावर वाफेचं पांघरूण असतं, ऊन चढलं की ते उठतं. जवळजवळ ११२ मीटर व्यासाचा हा झरा अमेरिकेतला सगळ्यात मोठा. मध्ये गडद निळा, मग हिरवा, पिवळा, केशरी, कडेला तांबडा. मधलं पाणी इतकं तापलेलं की तिथं रंगीत काही जगत नाही, म्हणून निळं दिसतं. कडेला निवत जाणाऱ्या पाण्यात वेगवेगळ्या तापमानाचे जीवाणू आपापल्या पट्ट्यात राहतात, रंग त्यांचे. जवळच्या लाकडी वाटेवरून हा सगळा घाट कळत नाही. फेअरी फॉल्सच्या वाहनतळावरून सुमारे एक किलोमीटर चालून थोडी चढण चढली की वरून बघायची जागा आहे. गुडघे कुरकुरले तरी हीच चढण चढा, बाकीच्या सोडा.

शेजारच्या एक्सेल्सियर कुंडातून मिनिटाला पंधरा हजार लिटर उकळतं पाणी फायरहोल नदीत पडतं. मिनिटाला. मी हा आकडा ह्यांना सांगितला नाही.

याच भागातल्या एका झऱ्यातून थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात उष्णतेत जगणारा जीवाणू शोधला. त्याच्यापासून मिळालेल्या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, जोरावर पुढं पीसीआर चाचणी सोपी झाली. करोनात आपल्या सगळ्यांच्या नाकात काडी घालून जी तपासणी केली, तिचं मूळ इथल्या पाण्यात.

तिसरा दिवस: पहाटेचं खोरं

या दिवशी सामान आवरून साडेपाचला निघायचं. घरच्यांच्या शिव्या खायची तयारी ठेवा. हेडन खोरं सव्वा-दीड तासावर आहे आणि उजाडताना तिथं असायला हवं. धुक्यात नदी, पलीकडच्या काठावर बायसन, आणि नशीब असेल तर ग्रिझली अस्वल.

बायसनला कुणी गवा म्हणतं, पण आपला गवा वेगळा. हा खांद्याला उंच, दाढीवाला, नर ९०० किलोपर्यंत. एकोणिसाव्या शतकात माणसांनी इतके मारले की १९०२ च्या सुमारास उद्यानात दोनेक डझनच उरले होते. बघताना म्हशीसारखा मठ्ठ वाटतो, आणि तीच फसगत होते, कारण तो माणसाच्या तिप्पट वेगानं धावतो. शेपटी वर उचलली, जमीन उकरायला लागला, की मागं सरका. नियम असा: अस्वल, लांडगा आणि प्यूमा (मांजरकुळातलं मोठं शिकारी जनावर) यांच्यापासून ९१ मीटर, बाकी सगळ्यांपासून २३ मीटर. मी नातवंडांना एसटीच्या हिशेबात शिकवलं. बायसनपासून दोन लालपऱ्या, अस्वलापासून आठ. गाडी रस्त्यातच उभी करून खाली उतरू नका, बाजूला थांबायच्या जागा केलेल्या आहेत.

नऊच्या सुमाराला कॅन्यन, म्हणजे नदीनं कोरलेली खोल दरी. इथं यलोस्टोन नदी ९४ मीटर कोसळते. सहस्रकुंडाचा धबधबा भरात पाहिलेल्यांनाही इथं गप्प व्हायला होतं. आर्टिस्ट पॉइंट ही दक्षिण काठावरची जागा चालायला सोपी आणि सगळ्यात सुंदर, तिथं अर्धा तास काढा आणि बाकीचे पॉइंट सोडून द्या. मग दुपारी नॉरिस. हा उद्यानातला सगळ्यात तापट भाग, पाणी आंबट, जमीन खरवडलेल्या भांड्यासारखी पांढरट. जगातला सगळ्यात उंच उडणारा चालू गायझर स्टीमबोट इथंच आहे, ९० मीटरच्या वर जातो, पण कधी ते कुणालाच सांगता येत नाही. त्याच्यासाठी थांबू नका.

संध्याकाळी मॅमथमार्गे गार्डिनरला मुक्काम. मॅमथच्या चुनखडीच्या पायऱ्या उताराच्या उन्हात बघा.

चौथा दिवस: लामार आणि परत

पुन्हा साडेपाच. गार्डिनरहून लामारचं खोरं तासाभरावर. मोठ्या दुर्बिणी तिकाटण्यांवर लावून थंडीत उभी असलेली माणसं दिसली की गाडी बाजूला घ्या आणि नम्रपणे विचारा, "काय दिसतंय?" ही मंडळी वर्षानुवर्षं लांडगे बघत आलेली असतात आणि बहुतेक जण आपल्या दुर्बिणीतून बघू देतात. यलोस्टोनमधले लांडगे १९२६ पर्यंत मारून संपवले होते. १९९५ मध्ये कॅनडातून चौदा आणून सोडले, पुढच्या वर्षी आणखी. आज दिसतात ती त्यांची पिलावळ.

आम्ही दोन तास उभे होतो. पहिल्या तासात काहीच नाही, हात गारठले, जावयांनी दोनदा घड्याळ बघितलं. मग एका आजोबांनी मला खुणेनं बोलावलं. दुर्बिणीत, समोरच्या उतारावर, तीन ठिपके एका ओळीत चालले होते. एक काळा, दोन करडे. काळा थांबला, वळून बघितलं, आणि तिघेही झाडीत गेले. एवढंच. मिनिटभरसुद्धा नाही.

लांडगे दिसले नाहीत तरी बायसन, प्राँगहॉर्न हरणं आणि कोल्हेकुई करणारे, कोल्ह्यासारखेच दिसणारे कायोट दिसतातच. दहानंतर खोरं रिकामं होतं, तेव्हा फार ताणू नका.

बोझमनहून विमान असेल तर गार्डिनर सोडायच्या आधी मिरचीचा फवारा परत द्यायला विसरू नका, पेट्रोल भरून घ्या, आणि कूलरमधलं उरलंसुरलं गाडीतच संपवा. आमच्याकडं शेवटचे दोन धपाटे होते. एक ह्यांनी खाल्ला, दुसरा जावयांनी मागून घेतला.